हायड्रोजनच्या डोक्यावरचा मांडव

दामूकाकांनी मांडव घातला होता. आमच्या डिस्पेन्सरच्या बरोबर डोक्यावर.

मी गेटातून आत आले आणि तिथेच थबकले. मांडव देखणा होता, त्यात वाद नाही. पांढऱ्या-गुलाबी कापडाचं छत, त्याला चुण्या, कडेने सोनेरी झालर, खांबांना आंब्याचे टाळे. कापडाच्या वर निळं प्लास्टिक ताणून बांधलेलं, कारण मे महिना संपत आला होता आणि आभाळाचा काही नेम नव्हता. तीन बाजूंना पडदे. आणि डिस्पेन्सरपासून चार हातांवर, स्टुलावर, घासून लख्ख केलेली पितळी समई. तेल-वाती घालून तयार. शेजारी काड्यापेटी.

"कसा झालाय?" दामूकाकांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं होतं.

"काका," मी म्हटलं, "हा उतरवावा लागेल."

आता यात कोण कुठला ते सांगते. मी साटम. नोकरीची बहुतेक वर्षं वसई पूर्वेच्या एका कंपनीत काढली. आम्ही गॅसचे कॉम्प्रेसर आणि त्यांचं पायपिंग बनवायचो. माझं काम इन्स्ट्रुमेंटेशन आणि सेफ्टी. साध्या भाषेत, प्रेशर किती, गळती कुठे, आणि काही बिघडलं तर मशिन आपोआप बंद होतंय का, हे बघणं. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो. मी कुणाच्याही घरी गेले की आधी खिडक्या कुठे आहेत ते पाहते. आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये सिलिंडर कुठे ठेवायचा यावरून मी बिल्डरशी जेवढी भांडले, तेवढी नवऱ्याशी पस्तीस वर्षांत भांडले नसेन. नवऱ्याचं मत याबाबतीत थोडं वेगळं आहे.

हे सगळं घडलं ते दोन हजार साल उलटून गेल्यावर. तेव्हा आमचा पालघर जिल्हा झाला नव्हता, ठाणेच होता. रिक्षा पेट्रोलवर चालायच्या, त्यात काही महाभाग रॉकेल मिसळायचे, आणि स्टेशनबाहेर संध्याकाळी उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. त्या दिवसांत आमच्या प्रधान साहेबांनी एक काम मिळवलं. साहेब कंपनीचे मालक. काम असं: हायड्रोजनवर चालणारी रिक्षा आणि तिच्यात हायड्रोजन भरणारा छोटा पंप, दोन्ही चालवून दाखवायचं. पैसे सरकारी योजनेतले. एक संशोधन संस्था इंजिन बदलून देणार, पंप आम्ही उभा करणार.

डिस्पेन्सर म्हणजे पेट्रोल पंपावर असतं तसलंच कपाट. फरक एवढाच की नळीतून पेट्रोलऐवजी दाबाखालचा वायू येतो. मागे भिंतीपलीकडे सिलिंडरांचा ताफा, मध्ये कॉम्प्रेसर, पुढे नळी आणि नळीच्या टोकाला नोझल. नोझल रिक्षाच्या टाकीला घट्ट बसवायचं आणि कॉक उघडायचा. ऐकायला सोपं आहे.

जागा दामूकाकांची. दामोदर पाटील. वाडवडील खाडीकाठचे, भातशेती आणि मिठागरावर राबणारे. काकांनी रस्त्याकडेच्या जमिनीवर गाळे बांधले, ते भाड्याने दिले, आणि स्वतः मंडप डेकोरेशनचा धंदा काढला. आसपासच्या गावांत लग्न असो की क्रिकेटची टुर्नामेंट, मांडव काकांचा. आमचा पंप त्यांच्या मोकळ्या प्लॉटवर उभा राहिला. त्यांची एक इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. दिल्लीहून काम बघायला येणाऱ्या सरकारी पाहुण्यांना ते पसंत पडलं, तर पंप तिथेच कायमचा राहणार होता, आणखी रिक्षा येणार होत्या, आणि काका होणार होते पंपवाले.

"डेकोरेशनवाला पाटील पुष्कळ झाला," ते म्हणायचे. "आता पंपवाला पाटील."

प्रधान साहेबांचंही सगळं पाहुणे येण्याच्या दिवसावर अडकलेलं होतं. पाहुणे एकदाच येणार होते. त्या दिवशी रिक्षा भरली गेली नाही तर काम दुसऱ्या राज्यात जाणार, हे त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं.

पंप उभारणीच्या काळात काका रोज चहा घेऊन यायचे आणि प्रश्न विचारायचे. हा गॅस येतो कुठून, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं की केमिकल कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात. कॉस्टिक सोडा बनवायला. त्यात हायड्रोजन आपसूक निघतो, बराचसा वाया जातो, तोच आपण आणतो.

काकांनी कप खाली ठेवला. "मिठाच्या पान्यातून?"

"हो."

"आमी जल्मभर मिठाच्या पान्यात पाय घालून उभे राहिलो. त्यात रिक्षा चालवायचा गॅस होता?"

"पाण्यात होताच, काका. आणि जळला की परत पाणीच होतं. रिक्षाच्या सायलेन्सरमधून धूर नाही येत. पाणी येतं."

त्या दिवसापासून मिठागराकडून जाताना ते पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात, असं त्यांचा पुतण्या जनार्दन मला म्हणाला. हा जनार्दन रिक्षावाला. आमची ट्रायलची रिक्षा तोच चालवायचा.

खरं सांगायचं तर मीही त्या वायूला बिचकून होते. एलपीजीचं, सीएनजीचं काम मी केलं होतं. ते वायू गळले तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. हायड्रोजनला वास नाही. रंग नाही. दिवसाउजेडी पेटला तर ज्योत दिसत नाही. इतका बारीक की जिथून दुसरा कुठलाही वायू जाणार नाही अशा फटीतून हा जातो. हवेत थोडा असला तरी पेटतो, भरपूर असला तरी पेटतो, आणि पेटायला नायलॉनच्या साडीतली ठिणगीसुद्धा पुरते. मी त्या प्लॉटवर सुती कपड्यांशिवाय पाऊल ठेवलं नाही.

पण त्याच्यात एक फार मोठा चांगुलपणा आहे. तो हलका आहे. जगात त्याच्याइतकं हलकं काही नाही. सुटला की थांबत नाही, सरळ वर जातो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत विरून जातो. म्हणून आम्ही त्याच्यासाठी छप्पर बांधलंच नव्हतं. डिस्पेन्सर उघड्यावर, डोक्यावर आभाळ. आमची सगळ्यात मोठी सेफ्टी सिस्टिम कुठली असेल तर ते आभाळ होतं. आणि नेमकं त्यालाच काकांनी गुलाबी कापड लावलं होतं.

"उतरवायचा?" काकांनी शांतपणे विचारलं. त्यांचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"गॅस गळला तर वर जातो, काका. वर प्लास्टिक आहे. तो तिथे साठेल."

"गळंल कशाला? तुमीच सांगितलंत, सगळं टेस्ट केलंय."

"केलंय. तरी."

तेवढ्यात प्रधान साहेब आले. टाय लावलेला, घामाने चिंब. त्यांना एका वाक्यात सगळं कळलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"साटम, पाहुणे विमानतळावरून निघालेत."

"कुठवर आलेत?"

"वरसाव्याच्या पुलाजवळ. ट्रॅफिक आहे."

त्या पुलाच्या ट्रॅफिकला मी आयुष्यात एकदाच दुवा दिला, तो त्या सकाळी.

साहेब मला बाजूला घेऊन गेले. "गळती होणारच असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही सर. होणार नाही असं मला म्हणता येत नाही."

"आपण किती वेळा भरून पाहिलं? एकदा तरी गळलं?"

"नाही. पण तेव्हा डोक्यावर काही नव्हतं, आणि खाली पन्नास माणसं नव्हती."

सुरू करण्यापूर्वी 'सेफ टू स्टार्ट' म्हणून माझी सही लागायची. तिच्याशिवाय कॉम्प्रेसर चालू करायचा नाही, हा नियम साहेबांनीच घातलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन काढलं नाही. मग ते म्हणाले, "मी काकांशी बोलतो."

ते बोलले. काही उपयोग झाला नाही. काका रागावले नव्हते, दुखावले होते, आणि दुखावलेल्या माणसाशी युक्तिवाद करता येत नाही.

"साहेब, मी पैसे मागितले? नाय. माझ्या आवारात दिल्लीची मानसं येनार आनि त्यांच्या डोक्यावर कापड नाय, असं कसं चालंल? आनि कार्याआधी मांडव उतरवायचा? आमच्या घरात एकदाच उतरवलाय. माझ्या थोरल्या बहिनीच्या लग्नाचा. हळदीच्या दिवशी नवऱ्यामुलाचा बाप गेल्याचा निरोप आला तवा. माझ्या बापानं सोत्ता दोऱ्या सोडल्या. त्यानंतर कुठलाच मांडव कार्याआधी सोडला नाय. लोकांचा पन नाय."

माझ्याकडे गॅसच्या घनतेचे आकडे होते. ते आकडे घेऊन मी उभी राहिले, आणि ते सांगायची मला लाज वाटली.

मग मला फुगा आठवला.

"काका, तुमच्या मांडवात लग्नं लागतात. पोरांच्या हातात गॅसचे फुगे असतात. एखाद्याचा सुटला तर काय होतं?"

"काय होनार? छताला चिकटतो."

"त्या फुग्यात हाच गॅस असतो."

काकांनी नकळत मान वर केली. त्या गुलाबी चुण्यांकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मला वाटलं, पटलं. पण ते म्हणाले, "फुगा छताला लागून काय वाईट झालं नाय कधी."

"या इकडे," मी म्हटलं.

प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, वारा जिकडे जातो त्या अंगाला, आम्ही एक छोटा बर्नर ठेवला होता. लोखंडी स्टँडवर बारीक नळी, तिला लांबवर ठेवलेल्या छोट्या सिलिंडरचा गॅस. नव्या कामगारांना हायड्रोजनची ओळख करून द्यायला तो होता. तिथेच भिंतीला एक खराटा टेकवलेला असायचा, माडाच्या हिरांचा, लांब दांडीचा. पाहणाऱ्याला वाटायचं झाडायला असेल. मी जनार्दनला सगळ्यांना मागे थांबवायला सांगितलं, कॉक जरासा उघडला आणि लांब नळीच्या लायटरने ज्योत लावली. फट् असा बारीक आवाज झाला. मग काही नाही.

भर उन्हाची वेळ. काका, साहेब, मांडवाची माणसं, सगळे नळीच्या टोकाकडे बघत होते.

"पेटलं नाय," काका म्हणाले आणि एक पाऊल पुढे आले.

"तिथेच थांबा."

माझा आवाज बहुधा चढला असावा, कारण ते खरंच थांबले. मी खराटा उचलला, हात लांब केला आणि हिरांची टोकं हळूहळू नळीच्या दिशेने नेली. रिकाम्या हवेत. काहीही नसलेल्या जागेत. आणि हवेतल्या हवेत, नळीपासून हातभर अलीकडेच, हीर भडकन पेटले. पिवळी ज्योत दिसली ती हिरांची. ज्याने ते पेटवले, ते अजूनही कुणाला दिसत नव्हतं.

मी हे किती वेळा केलं असेल, मोजलेलं नाही. दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. आगीची भीती मला कधी फारशी वाटली नाही. पण समोर आग आहे आणि आपले डोळे तिला पाहायला अपुरे आहेत, हे कळलं की माणूस थोडा लहान होतो. मांडवाच्या पोरांपैकी एकाने हात जोडले. कुणी हसलं नाही. प्रधान साहेबांनी हे आधी पाहिलेलं होतं, तरी त्यांनी टाय सैल केला.

मी कॉक बंद केला, खराटा बादलीत बुडवला. चर्र झालं.

काका नळीकडेच बघत होते. "आता तिथं हाय का नाय?"

"आता नाही."

"कळंल कसं?"

"म्हणून खराटा आहे, काका."

ते वळले आणि मांडवाकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. पहिल्या खांबाशी थांबून त्यांनी टाळ्यांवरून हात फिरवला.

"खांब राहिले, टाळे राहिले, तोरन राहिलं, म्हंजे मांडव राहिला," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग वळून म्हणाले, "बाय, मांडव सोडायचा नाय. छप्पर सरकवायचं. चालंल?"

"पळेल."

मग मी काकांचं खरं काम पाहिलं. मांडवाची दोन पोरं शिडीवर चढली, दोन खाली. काका खालून नुसते दोऱ्यांची नावं घेत होते, कुठली ढिली, कुठली ताण. डिस्पेन्सरच्या वरचं प्लास्टिक गुंडाळलं गेलं, कापड चुणीवर चुणी घेत मागे सरकलं आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या अलीकडेच थांबलं. बाजूचे पडदे सोडले. खुर्च्या आणखी मागे, वारा जिकडून येतो त्या अंगाला गेल्या. समई गेटाजवळ तुळशीकडे गेली, तिच्याबरोबर काड्यापेटी. बांबू, टाळे, तोरण जागच्या जागी, आणि मध्ये आमचा डिस्पेन्सर पुन्हा उन्हात. खरं सांगते, मांडव आधीपेक्षा बरा दिसत होता.

मी सही केली. तेवढ्यात गाड्या आल्या.

समारंभ जसा होतो तसा झाला. समई लागली, तुळशीपाशी. नारळ फुटला, गेटापाशी. प्रधान साहेब इंग्रजीत बोलले आणि मोठे पाहुणे हिंदीत. काकांना व्यासपीठावर बोलावून शाल दिली, तेव्हा ते शाल घेऊन परत येताना वर बघत आले, छप्पर नीट बसलंय का म्हणून. मग पाहुण्यांनी नोझलला हार घातला. खरोखरच, हुकावर टांगलेल्या नोझलला झेंडूचा छोटा हार, कुंकवाचं बोट, वर दोन अक्षता. आपल्याकडे नवी गाडी असो, मशिन असो, त्याशिवाय सुरू होत नाही. मी स्वतः घरच्या मिक्सरला दसऱ्याला फूल वाहते.

जनार्दनने हार अलगद काढला, नोझल रिक्षाच्या टाकीला बसवलं, मला मान हलवून खूण केली. माझ्या हातात गॅस डिटेक्टर होता. हवेत हायड्रोजन आला की ओरडणारं छोटं यंत्र. मी ते जोडाच्या बरोबर वर धरलं. जोडाच्या बाजूला धरून उपयोग नसतो, गॅस वर जातो. कॉम्प्रेसर घरघरला. प्रेशरचा काटा चढू लागला. पाहुणे टाचा उंचावून बघत होते.

टाकी निम्म्याच्या आसपास भरली असेल. सुईतून हवा जावी तसा बारीक आवाज आला. माझ्याशिवाय तो कुणी ऐकला असेल असं वाटत नाही. पुढच्याच क्षणी डिटेक्टर किंचाळायला लागला. मी डाव्या हाताने लाल बटण दाबलं. व्हॉल्व्ह धाडकन बंद झाले, कॉम्प्रेसर थांबला, सगळं शांत झालं.

मी वर पाहिलं. दुसरं काही सुचलंच नाही. वर चार बांबू होते, त्यांच्यामध्ये निळं आभाळ आणि लांब कुठेतरी एक घार. जो काही गॅस सुटला होता, तो त्या चौकटीतून केव्हाच गेला होता. डिटेक्टरचं ओरडणं दोन-चार श्वासांत थांबलं. त्याच्यापुरती तिथे आता फक्त हवा होती.

काका पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच चौकटीकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. त्यांचा हात शालीवर होता, तो त्यांनी छातीशी घेतला.

"यह क्या हुआ?" मोठ्या पाहुण्यांनी विचारलं.

प्रधान साहेब आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या पटकन बोलले. "ऑटोमॅटिक शटडाउन, सर. गळती झाली तर सिस्टिम स्वतः बंद होते, ते आपण पाहिलंत."

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या सगळ्यांनी वाजवल्या. बटण सिस्टिमने दाबलं की साटमबाईंनी, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि साहेबांचं वाक्य तपशील वगळता खरंच होतं.

मी लाइन मोकळी केली, जोड सोडला. नोझलच्या आत रबराची एक बारीक रिंग असते, जोड घट्ट बसावा म्हणून. त्या रिंगवर केसाएवढा दोरा अडकला होता. पांढरा. त्याला झेंडूची एक पाकळी चिकटलेली. हाराचा दोरा. मी तो चिमटीत धरून जनार्दनला दाखवला, तो नुसता "आयला" म्हणाला. पाहुण्यांच्या हातचा हार, त्याला तरी कोण काय बोलणार? हार घातल्यावर नोझल तपासावं, हे कुठल्याच परदेशी मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नव्हतं. आमच्या मॅन्युअलमध्ये त्यानंतर ते लिहिलं गेलं.

टाकीत रिक्षा चालण्यापुरता गॅस गेला होता. सगळीकडे डिटेक्टर फिरवून मी मान हलवली. जनार्दन सीटवर बसला, हँडल ओढलं. पहिल्यांदा नुसता खोकला. दुसऱ्यांदा इंजिन लागलं.

पाहुणे रिक्षाच्या मागे जमले. "धुआँ किधर है?" एकाने विचारलं.

धूर नव्हता. सायलेन्सरमधून थोडी वाफ आली, उन्हात तीही विरली. मग नळीच्या कडेला एक थेंब जमला. लोंबला. पडला. खालच्या धुळीत एक गोल ओला ठिपका उमटला, त्याच्याशेजारी दुसरा.

गर्दीतून वाट काढत काका पुढे आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि त्यांनी ओंजळ धरली. थेंब पडत राहिले. तळव्यावर थोडं पाणी साठलं, तेव्हा मी काही म्हणायच्या आत त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. इंजिनाचं ते पाणी, त्यात तेलाचा अंश असतो, सेफ्टीवालीने ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. खाडीकाठच्या माणसाला पाणी दोनच तऱ्हेचं ठाऊक असतं, आणि ते कुठलं आहे हे तो असंच बघतो.

"गोडं हाय," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "मिठाच्या पान्याचं गोडं पानी झालं, बाय. मधे रिक्षा चालली."

मी इंजिनिअरिंग शिकले, तेव्हा हे समीकरण फळ्यावर पाहिलं होतं, पाठ केलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. ते खरं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते उन्हावर ढकललं. जनार्दनने प्लॉटला तीन फेऱ्या मारल्या, मागे पाण्याचे ठिपके टाकत.

पाहुण्यांना काम पसंत पडलं. पंप चालला, वर्षभर चालला, हार घातलेला नव्हता तेव्हा एकदाही गळला नाही. पण आजूबाजूला इमारती उठायला लागल्या. पंप आणि घरं यांच्यात जेवढं अंतर लागतं, तेवढं उरलं नाही. आभाळ होतं तेवढंच राहिलं, पण जमीन आटली. शेवटी सगळं उचलून दुसऱ्या राज्यातल्या संस्थेच्या आवारात नेलं. क्रेन आली त्या दिवशी काकांनी कॉम्प्रेसरला हार घातला. नोझलला नाही. ते पंपवाले पाटील झाले नाहीत. मला ते फार लागलं. त्यांना लागलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. पुढे वसईत रिक्षांना सीएनजी आला, स्टेशनबाहेर डोळे चुरचुरायचे थांबले. हायड्रोजनच्या बातम्या आता रोज वाचते. येईल म्हणतात. येऊ दे.

काही वर्षांनी जनार्दनच्या मुलीच्या लग्नाला गेले. मांडव अर्थातच काकांचा. आचाऱ्यांच्या बाजूला, जिथे सिलिंडर आणि मोठ्या शेगड्या होत्या, तिथे छताला मधोमध चांगली पलंगाएवढी जागा मोकळी सोडलेली. लोक विचारत होते, कापड कमी पडलं का.

"बघितलंत का?" काकांनी मला तिथे नेऊन दाखवलं. केस पूर्ण पांढरे झाले होते.

माझ्याच्याने राहवलं नाही. "काका, हा स्वयंपाकाचा गॅस. हा जड असतो. हा वर जात नाही, खाली बसतो."

काकांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोटाने खाली दाखवलं. त्या बाजूचे पडदे जमिनीपासून गुडघाभर वर बांधलेले होते, चहूबाजूंनी.

"कुठला वर जातो, कुठला खाली बसतो, ते मी कशाला लक्षात ठेवू?" ते म्हणाले. "मला पंप चालवायचा नाय. मांडव घालायचा हाय. दोनीकडनं मोकळा ठेवलाय."

सेफ्टीचं ट्रेनिंग देत मी पुष्कळ वर्षं हिंडले. प्रोजेक्टर, तक्ते, परदेशी फिल्म. सगळ्याचं सार एवढंच की आत काय आहे हे बघणारे पुष्कळ असतात, ते सुटलं तर जाईल कुठून, हे आधी बघावं. काका पंक्तीत पानं मांडून घेत होते. त्यांनी मला मधली जागा दाखवली, मानाची. मी मान वर करून एकदा छत पाहिलं, खाली पडदे पाहिले, आणि तरीही जाऊन कडेला बसले.